‘हात मिळवा आणि जा’

“त्या मुलाला शाळेतून काढायला सांगा मॅडम, नाहीतर मी माझ्या पोराला सांगते, तूही दे ठेवून!” शाळांमधली समुपदेशक म्हणून महिन्यातून दोनदा तरी हे ऐकते.

ही आई सहावीतल्या मुलाची. (ओळखू येईल असं सगळं बदललंय.) तो शाळेतून आला की दप्तर पाठीवर तसंच ठेवून घटाघटा तीन पेले पाणी प्यायचा. आईला वाटायचं, ऊन. मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावून हात मिळवायला लावले होते. त्याच दुपारी ह्याला दुप्पट पडले. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला समोरासमोर उभं करू नये, हे मी शाळांना सांगून दमले.

काढून टाकणं तर शक्यच नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 आठवीपर्यंत तसं करू देत नाही, आणि कलम 17 मुळे छडीही नाही. माझ्या मते दोन्ही बरंच आहे.

‘का मारतो?’ हे मी मुलाला विचारलंच नाही. शाळेचा नकाशा काढायला दिला. जिन्याखालचा नळ त्याने काळ्या खडूने इतका गिरवला की कागद फाटला. पिवळं होतं ते फक्त शिपाई मावशींचं स्टूल.

दुसऱ्या मुलाला वेगळं भेटले.

“तू मारतोस तेव्हा बाकीचे काय करतात?”

“हसतात.”

“आणि नाही हसले तर?”

बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला. “मग कशाला मारू?”

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरला मानणारी. मूल चारचौघांत आपली जागा शोधत असतं. सरळ मिळाली नाही तर वाकडी. पण हे त्याच्याच तोंडून आलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी रिक्षात मी एकटीच हसत होते. पुढचे पाच तास मी त्या दोघांसोबत नाही, हसणाऱ्यांसोबत घालवले. मारणाऱ्याला खेळाच्या साहित्याची किल्ली दिली. पहिल्याच आठवड्यात त्याने ती हरवली. दुसरी करून दिली.

पालकांनो, ‘तू गप्प का बसलास?’ विचारू नका. कुठे, कधी, शेजारी कोण होतं, ते विचारा. तारखेसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शाळा हललीच नाही तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. ‘दे ठेवून’ मात्र नको; ज्याला देता आलं असतं तो तुमच्यापर्यंत आलाच नसता.

स्टूल आता नळापाशी असतं. मावशींची तक्रार एकच, तिथे डास फार.