हलकी रायफल घ्या, पण आधी स्टॉकचा पुढचा भाग दाबून बघा

रेंजवर बेंचवरून ग्रुप (लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) सुरेख येतो, पण डोंगरात बायपॉड (पुढे लावायचे दोन पाय) उघडला किंवा स्लिंग (रायफलीचा पट्टा) दंडाला ताणून बसलात की गोळी भलतीकडे जाते, आणि सर्व्हिसवाले म्हणतात रायफलीत काही दोष नाही. तुमच्या पोस्टमधला हा परिच्छेद वाचला आणि लिहायलाच बसलो. हातातली रायफल विकून हलकी, अचूक आणि खिशाला झेपेल अशी कोणती घ्यावी, हा तुमचा मूळ प्रश्न. त्याकडे येतो. पण हे दुखणं कुठून आलंय ते कळल्याशिवाय नवी घेतलीत, तर तेही नव्या रायफलीबरोबर घरी येईल.

परवाना, हंगाम, सुरक्षिततेचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो. मी गनस्मिथ नाही, नुसता वापरणारा आहे, तेव्हा जे लिहितोय ते स्वतः पडताळून घ्या.

मधल्या किमतीच्या बऱ्याच हलक्या रायफलींना साच्यात ओतलेला प्लास्टिकचा स्टॉक असतो, म्हणजे खांद्याला लावायचा दस्ता आणि नळीखालचा पुढचा भाग. बॅरल (नळी) त्याला न टेकता मोकळी राहावी म्हणून मध्ये फट ठेवतात. बेंचवर आपण वाळूची पिशवी मॅगझिनच्या जरा पुढे ठेवतो, तिथे स्टॉक जाड असतो आणि फट शाबूत राहते. बायपॉड मात्र पार पुढच्या टोकाला लागतो. त्यावर भार टाकला की पोकळ प्लास्टिक वर वाकतं आणि बॅरलला भिडतं. स्लिंग ताणली की तोच भाग बाजूला ओढला जातो आणि फटीची एक कड बॅरलला चिकटते. बारीक बॅरलला एवढा दाबही पुरतो, गोळी बहुधा जिकडून दाब येतो त्याच्या विरुद्ध बाजूला सरकते. आणि दर वेळी दाब सारखा नसल्यामुळे झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी पडायची जागा यांचा मेळ) बदलूनही उपयोग होत नाही.

माझं नेमकं हेच झालं होतं. रायफल कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडे पाठवली (नाव घेत नाही, उगाच वाद नको). सोबत बायपॉडवर आणि स्लिंगवर झाडलेल्या टार्गेटचे कागद जोडले, खाली पेनने सविस्तर लिहिलं. परत आली ती तीन भोकांच्या एका टार्गेटसह आणि एका छापील ओळीसह: रायफल ठरलेल्या मर्यादेत आहे. फोन केला तर दुसऱ्या कंपनीची काडतुसं वापरून बघा म्हणाले. बघितली. मग स्कोपवर (नेम धरायच्या दुर्बिणीवर) संशय घ्या म्हणाले. स्कोपच्या रिंगा बदलल्या. पुन्हा पाठवली, पुन्हा तीन भोकं. कुरिअर दर वेळी माझ्या खर्चाने. शेवटी एकदा चाचणी करणाऱ्या माणसाशी थेट बोलायला मिळालं, तेव्हा कळलं की ते रायफल शिकंज्यात धरून झाडतात आणि स्टॉकच्या पुढच्या भागाला काहीच लागत नाही! म्हणजे माझी तक्रार ज्या भागाबद्दल होती तो भाग त्यांनी तपासलाच नव्हता. माझं पत्र कोणी वाचलं होतं का, हे आजही माहीत नाही. हंगाम गेला तो गेलाच.

मी जी चाचणी घरी केली ती अशी: मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे दोनदा बघा, बॅरल आणि स्टॉकमधून कागदाची पट्टी पार मागपर्यंत सरकवा आणि बायपॉडवर भार टाका. पट्टी अडकली की निदान झालं. मग स्लिंग ताणून बाजूंनीही बघा. उपाय फार महागडा नाही: फट आतून घासून रुंद करायची, किंवा पुढच्या पोकळ कप्प्यांत इपॉक्सी भरून तो भाग ताठ करायचा, किंवा सरळ दुसरा स्टॉक. वॉरंटी जाऊ शकते, ते आधी वाचा. तोवर बायपॉड काढून ठेवा आणि मॅगझिनच्या जवळ पाठपिशवीचा टेकू द्या.

एवढं करूनही नवीच हवी असेल तर दुकानात पहिलं काम हेच. स्टॉकचं टोक आणि बॅरल चिमटीत धरून दाबा. फट सहज मिटली तर बाकी कितीही आवडली तरी ठेवून द्या, किंवा दुसऱ्या स्टॉकचा खर्च बजेटमध्येच धरा. तीन गोळ्यांत एक एमओए, अशा हमीवर फार जाऊ नका. एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. पण तीन गोळ्यांचा ग्रुप त्याच रायफलीच्या पाच किंवा दहा गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने लहानच येतो. दीड एमओएची रायफल २०० मीटरवर नऊ सेंटिमीटरच्या आत ग्रुप देते, हरणाच्या छातीसाठी तेवढं पुष्कळ. त्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी थंड बॅरलची पहिली गोळी एकाच कागदावर मारत जा. शिकारीत तीच कामाची.

मॉडेल विचारलंत तर माझा कल टिक्का टी३एक्स लाइटकडे. स्कोपशिवाय तीन किलोच्या आसपास, बोल्ट लोण्यासारखा. पण त्यांची अ‍ॅक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी यंत्रणा) सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची असते, म्हणून आखूड काडतूस घेऊन तिथे वजन वाचेल असं समजू नका. सॅव्हेज ११० ही बघा, अ‍ॅक्युट्रिगर हा त्यांचा ट्रिगर घरच्या घरी हलका करता येतो. हे माझं मत, लोक भांडतील.

काडतुसात मॅग्नमचा, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसाचा मोह टाळा. तेच काडतूस चार किलोऐवजी तीन किलोच्या रायफलीतून झाडलं की धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते, आणि धक्क्याला बिचकणारा खांदा कुठल्याही वाकड्या स्टॉकपेक्षा जास्त नेम चुकवतो. ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमोर ही मध्यम ताकदीची काडतुसं पुरे. मूससाठी (उत्तरेकडचं मोठं हरीण) हलकं पडेल म्हणणाऱ्यांनी स्वीडनकडे बघावं, तिथे १८९४ पासूनच्या ६.५×५५ या तशाच ६.५ मिलिमीटरच्या काडतुसावर पिढ्यान्‌पिढ्या मूसची शिकार होत आली आहे.

स्कोप साधा ३-९×४० घ्या, चारशे ग्रॅमच्या आतला. हलक्या रायफलीवर पाऊण किलोची दुर्बीण चढवायची असेल तर जड रायफलच घ्या, स्वस्त पडेल. आणि कायद्याने चालत असेल तिथे सायलेन्सर लावणार असाल, तर झिरो तो लावूनच करा. बारीक बॅरलच्या टोकाला एवढं वजन आलं की गोळी पडायची जागा बदलतेच.