वाचकांचे प्रश्न : होडीच्या शेडमध्ये घडणारी स्की

हिमालयात वापरायची स्की घरच्या कार्यशाळेत कशी तयार करता येईल, यावरील आमच्या लेखानंतर किनारपट्टीवरून बरीच पत्रे आली. बर्फ कधीच न पडणाऱ्या प्रदेशातून एवढी विचारणा व्हावी याचे आम्हांला प्रथम नवल वाटले. परंतु लाकूड आणि फायबर या दोहोंवर हात बसलेली माणसे कोकणात गावोगावी आहेत, हे ध्यानात घेता ते फार टिकले नाही.

प्रश्न : फायबरच्या होड्या बांधण्याचा आमचा घरचा धंदा आहे. मुलगी गुलमर्गला स्की शिकून आली असून तिच्यासाठी एक जोडी आमच्याच शेडमध्ये करावी, असे मनात आहे. रेझिन, मॅट, रोलर सर्व आहे. सागाच्या फळ्याही घरच्या पडून आहेत. आणखी काय लागेल?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपल्या हाताची सवय नक्कीच कामाला येईल, माल मात्र बराचसा बदलावा लागेल. स्कीचा छेद घेतल्यास सर्वांत खाली पॉलिथिलीनचा तळ, त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा, त्यांवर काचतंतूंचे (फायबरग्लासचे) कापड, मधे लाकडाचा गाभा, पुन्हा कापड आणि शेवटी वरचे आवरण, असे थर दिसतात. अमेरिकेतील विमान अभियंते हॉवर्ड हेड यांनी १९५० च्या सुमारास लाकडी गाभ्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चिकटवून अशी थरांची स्की बाजारात आणली. पुढे बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमची जागा काचतंतूंनी घेतली.

होडीची बांधणी ताठ राहावी अशी आपली अपेक्षा असते, तर स्कीने एका उतारावर शेकडो वेळा वाकून पुन्हा मूळ आकारावर यावे लागते. होडीचे पॉलिएस्टर रेझिन लाकडाला इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही आणि सुकताना अधिक आकसते, म्हणून येथे इपॉक्सीच वापरावे. उकाडा पाहून हार्डनर (रेझिन घट्ट करण्यासाठी मिसळायचा पदार्थ) कमी-जास्त करण्याची होडीच्या कामातील सवय मात्र शेडबाहेर ठेवावी लागेल, कारण इपॉक्सीचा हार्डनर हा केवळ वेग वाढवणारा पदार्थ नसून रेझिनशी जोडला जाणारा घटक आहे. प्रमाण चुकल्यास थर कायमचा मऊ राहतो. आपल्याकडील तापमानात संथ हार्डनर घ्यावा आणि मिश्रण खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओतावे, नाहीतर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून हातातच घट्ट होईल. पॉलिएस्टर वासाने सावध करते, इपॉक्सी तसे करत नाही. त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत. मॅटमधील तंतू आखूड आणि अस्ताव्यस्त असल्याने तीही चालणार नाही. सलग तंतूंचे, लांबीच्या दिशेने व दोन्ही तिरक्या दिशांनी धागे असलेले शिवलेले कापड घ्यावे. चौरस मीटरला ६०० ते ७५० ग्रॅम वजन पुरेसे होते.

सागाचे वजन ही मोठी अडचण नाही. १८० सेंटिमीटरच्या एका स्कीत सागाचा गाभा पॉप्लर या हलक्या लाकडापेक्षा साधारण ३०० ग्रॅमने जड होईल. खरी अडचण त्यातील तेलाची आहे, कारण त्यावर चिकटलेला थर पुढे सुटण्याची भीती असते. चिकटवण्यापूर्वी अ‍ॅसिटोनने पुसल्यास ती कमी होते. आमचे मत असे, की गाभा शिवण या झाडाच्या लाकडाचा करावा, कारण ते लाकूड हलके असून वाळल्यावर फारसे वाकत नाही, आणि बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या साधनाचे, स्क्रू जेथे बसतात तेवढ्याच भागात सागाच्या पट्ट्या घालाव्यात. फळी अखंड न वापरता तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून, एकीआड एक उलटवून, डिंक लावून जोडाव्यात म्हणजे पीळ पडत नाही.

आता ओलाव्याविषयी, कारण कोकणातील निम्मे अपयश तेथे दडलेले असते. पावसाळ्यात उघड्या शेडमधील लाकडात १६ ते १८ टक्के पाणी राहते; स्कीच्या गाभ्यात ते ८ ते १० टक्के असावे. ओले लाकूड काचतंतूंच्या दोन थरांत कोंडून हिमालयाच्या कोरड्या थंडीत नेले, तर ते आकसते आणि जोडांवर ताण येतो. ओलावा मोजण्यासाठी यंत्राचीही गरज नाही. फळीचा एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटणे थांबेपर्यंत ठेवावा. ११० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा १० टक्के होता. दमट हवेचा दुसरा त्रास इपॉक्सीला होतो: हार्डनर हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट थर आणतो, ज्यावर इपॉक्सीचा पुढचा लेप चिकटत नाही. तो घासण्याआधी साध्या पाण्याने धुवावा, कारण आधी पॉलिश पेपर फिरवला तर तो थर आत रगडला जातो. हे सर्व पाहता चिकटवण्याचे काम मार्गशीर्ष ते माघ या काळात, दुपारच्या कोरड्या हवेत उरकणे उत्तम.

तळासाठी औद्योगिक पॉलिथिलीनचा साधा पत्रा घेऊ नये. त्याला इपॉक्सी धरत नाही. एका बाजूने चिकटण्यासाठी प्रक्रिया केलेला खास पत्रा आणि दातेरी पोलादी कड बहुधा परदेशातून मागवावी लागेल. खर्चाचा मोठा भाग तोच आहे.

प्रश्न : थर दाबून बसवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस घ्यावी लागेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : मुळीच नाही. हौशी कारागीर जाड चौकटीत अग्निशमनाचा होजपाइप ठेवून त्यात हवा भरतात. गणित मात्र आधी करून पाहावे: १८० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद स्कीचे क्षेत्रफळ १८०० चौरस सेंटिमीटर, त्यावर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब दिला तर चौकटीला ५.४ टन भार पेलावा लागतो. घरच्या वेल्डिंगची चौकट असेल तर पहिली चाचणी पाण्याने घ्यावी, कारण दाबलेली हवा सुटली की स्फोटासारखी सुटते. पहिल्या जोडीसाठी आम्ही व्हॅक्यूम सुचवतो. स्की साच्यासह हवाबंद पिशवीत ठेवून तिच्यातील हवा पंपाने काढल्यावर वातावरणच दाब देते. तो जास्तीत जास्त १ किलोच्या आसपास असला, तरी साच्यावर गाभा नीट बसत असेल तर पुरतो आणि चौकटच लागत नाही.

प्रश्न : सुरुवात स्कीने करावी की स्नोबोर्डने? जोडीतील दोन्ही स्की सारख्या कशा होतील?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वापरणाऱ्याला स्नोबोर्ड येत असेल तर स्नोबोर्डने, कारण तेथे दोन्ही पाय एकाच फळीवर असतात आणि जोडी जुळवण्याचा प्रश्नच नाही. तशीही त्या खेळाची सुरुवात घरगुतीच आहे: १९६५ मध्ये मिशिगनमधील शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून त्यांवर उभे राहण्याची सोय केली होती. स्कीच करायची झाल्यास दोन्हींचे गाभे एकाच जोडलेल्या ठोकळ्यातून उभे चिरून काढावेत. त्यानंतरही रंध्यावर लक्ष हवे, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ११ मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटर राहिले तर तो भाग जवळजवळ ३० टक्क्यांनी ताठ होतो. टोकांकडे ही जाडी २ मिलिमीटरपर्यंत उतरते. बाइंडिंग स्वतः बसवण्याचा मोह टाळावा. पडताना बूट कधी सुटावा, हे वजन, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून जाणकार तंत्रज्ञच ठरवू शकतो.

प्रश्न : परत आणलेल्या स्कीच्या कडा पावसाळ्यात गंजतात. उपाय काय?
— एक वाचक, दापोली

उत्तर : कडा कोरड्या पुसून तळावर व कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो न खरवडता तसाच ठेवावा. कापडी पिशवीत दमटपणा साचतो, म्हणून स्की उघड्या, भिंतीपासून थोड्या दूर आणि चुलीच्या किंवा गॅसच्या उष्णतेपासून लांब आडव्या ठेवाव्यात. हिमालयात जाण्यापूर्वी मेण खरवडून काढावे आणि कडेवर राहिलेले गंजाचे ठिपके बारीक दगडाने घासावेत. गंज दातांपर्यंत पोहोचून कड तळापासून सुटू लागली असेल, तर तेथे इपॉक्सी भरून शिकंज्यात धरावी लागते.