साखरपाकात प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची) पावडर मिसळली तर मधमाश्यांच्या आतड्यातले जिवाणू सुधारतात का?

निरोगी वसाहतीत बहुधा नाही. मी तरी अशा पावडरीवर पैसे घालणार नाही.

कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या माशीच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतात. पोळ्यातल्या इतर माश्यांच्या सहवासातून ते काही दिवसांत येतात. हा जिवाणूंचा गट लहान आहे: स्नोडग्रासेला, गिलिअमेला, लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम वगैरे. पण तो कोट्यवधी वर्षं माश्यांसोबतच वाढलेला आहे, आणि बाजारातल्या पावडरीत बहुतेकदा माणसांसाठी किंवा जनावरांसाठी वापरले जाणारे जिवाणू असतात. ते माशीच्या आतड्यात टिकत नाहीत. खाणं थांबलं की निघून जातात.

प्रीबायोटिकचंही, म्हणजे या जिवाणूंना पोसणाऱ्या अन्नाचंही, तसंच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नोसेमा या आतड्यातल्या परजीवीची लागण झालेल्या माश्यांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा प्रोबायोटिक जिवाणू आणि इन्युलिन हे प्रीबायोटिक दिलं, तर फायदा सोडाच, आधीपासून हा जिवाणू दिलेल्या माश्या जास्त मेल्या. खरं प्रीबायोटिक म्हणजे परागच. परागकणांच्या भिंतीतलं पेक्टिन हे तंतुमय द्रव्य गिलिअमेला आणि बायफिडोबॅक्टेरियम फोडतात.

एक अपवाद आशादायक आहे. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तीन लॅक्टोबॅसिलस जाती परागवड्यांतून दिल्या, तेव्हा अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचा जिवाणू कमी झाला. म्हणजे जात नेमकी निवडली तर आजारात उपयोग होऊ शकतो.

प्रतिजैविकं मात्र गरज नसताना देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने आतड्यातला हा गट घटतो आणि माश्या लवकर मरतात, हे २०१७ च्या अभ्यासात दिसलं आहे. त्यापेक्षा पेट्यांभोवती वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी झाडं लावा.