ताई, एचओडींना कसं सांगू?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहते, अ‍ॅनेस्थेशियाची म्हणजे भूल द्यायच्या शाखेची, सेकंड इयर रेसिडेंट (पीजी करणारी डॉक्टर) आहे. गरोदरपणाचा अकरावा आठवडा चालू आहे आणि डिपार्टमेंटमध्ये अजून कुणालाच, एचओडींना (विभागप्रमुखांना) पण, सांगितलेलं नाही. सीनियर म्हणते आत्ता सांगितलंस तर वर्ष गेलंच समज, सासूबाई म्हणतात सोडून दे, बाळ मोठं झालं की बघू. नवरा म्हणतो तुला पटेल ते कर. काय करू? – एक वाचक

उत्तर: आधी अभिनंदन गं! तुझ्या पत्रात हा शब्द कुणीच उच्चारलेला दिसला नाही म्हणून मी म्हणते.

सीट सोडू नकोस. एवढं एक धरून ठेव, बाकीचं जमवता येतं. सोडलेली सीट परत मिळत नाही, परत नीट पीजीची प्रवेश परीक्षा, परत काउन्सेलिंग, ते पण रात्री चारदा उठणारं बाळ मांडीवर घेऊन, आणि बऱ्याच ठिकाणी मधेच सोडल्याबद्दल बाँडचे पैसे भरावे लागतात ते वेगळेच. सासूबाई काळजीपोटीच बोलतायत, पण हा हिशोब त्यांना कुणी सांगितलेला नसणार, एकदा शांतपणे बसून सांग.

आता रजेचं. नॅशनल मेडिकल कमिशनच्या पीजीच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पीजी करणाऱ्या मुलींना सरकारी नियमांप्रमाणे मॅटर्निटी लीव्ह मिळते, म्हणजे कुणी तुझ्यावर मेहेरबानी करत नाहीये. राज्य सरकारी नोकरीत ही रजा १८० दिवसांची आहे. साधारणपणे जेवढी रजा तेवढी टर्म पुढे सरकते, आणि वर्षाला ८० टक्के हजेरी लागते त्यामुळे परीक्षा पुढच्या बॅचबरोबर जाऊ शकते, ते आत्ताच गृहीत धर. वाईट वाटेल, पण मागे पडणं वेगळं आणि सीट जाणं वेगळं.

आणि तुझ्या ब्रांचमध्ये लपवणं बाळासाठीही बरं नाही. ऑर्थोच्या ओटीत (हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये) सी-आर्म, म्हणजे एक्स-रेचं मशीन, चालू असताना तू पेशंटच्या डोक्याशी उभी असतेस, लहान मुलांना मास्कने भुलीचा गॅस देताना तो थोडा बाहेर येतोच, जिथे तो गॅस ओढून बाहेर टाकायची सोय (स्कॅव्हेंजिंग) धड नाही तिथे तर वाससुद्धा येतो. रेडिएशनची पोटातल्या बाळासाठीची कडक मर्यादा तू कळवल्यावरच लागू होते. सांगितलंस तर पोस्टिंग बदलून मागता येईल, नाही सांगितलं तर कुणाला काय कळणार?

मी रेसिडेंट असताना पाचव्या महिन्यापर्यंत लपवलं होतं. स्क्रबच्या पायजम्याची नाडी रोज थोडी सैल बांधायचे, उलटी आली की ड्युटी रूमचा नळ मोठा सोडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एकदा लांबलेल्या केसमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली तर ओटीतल्या सिस्टरने काही न बोलता मागून स्टूल सरकवलं, तिला कधीच कळलेलं होतं. ते महिने आठवले की अजून पोटात कालवतं, म्हणून तुला एवढं कळकळीने सांगतेय.

एचओडींना ओटी लिस्ट संपल्यावर एकटीने गाठ, राउंडच्या घाईत नको. त्याच दिवशी लेखी अर्ज दे, दोन प्रती कर, सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डिलिव्हरीची तारीख लिहिलेलं सर्टिफिकेट जोड, आवक विभागात देऊन तुझ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घे. ही पोच जपून ठेव. रजेत स्टायपेंड चालू राहणार का आणि टर्म किती वाढणार ही दोन्ही उत्तरं लेखीच माग. टाळाटाळ झाली तर सरकारी कॉलेजात मार्डचे (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचे) प्रतिनिधी असतात, त्यांना सोबत ने.

परत आल्यावरचंही विचारून ठेव, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, हे मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात २०१७ ला आलं होतं, आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

थिसिसच्या केसेस मात्र रजेवर जायच्या आधी जमतील तेवढ्या गोळा कर, लिहायचं काम घरी बसून होतं, केसेस घरी येत नाहीत. आणि अर्ज दिलास की मला कळव, मी वाट बघतेय.