आन्सीच्या तळ्याभोवती पहिला दिवस

पहिल्याच दिवशी घाट नको, फ्रान्समधल्या आन्सीच्या तळ्याला सायकलने फेरी मारा. आन्सीभोवतीचा पूर्ण फेरा साधारण 40 किलोमीटरचा आहे. सुरुवात पश्चिम काठाने करा. तिथला सायकलमार्ग जुन्या रेल्वेच्या वाटेवर केलाय, आणि आगगाडीला चढ कधी मानवत नाही, म्हणून तुम्हालाही फारसा लागणार नाही. द्वँ गावाजवळ एक छोटा बोगदा येतो. भर उन्हाळ्यातही आत गार वाटतं आणि उजेडही कमी असतो, तेव्हा गॉगल आधीच काढा.

पूर्व काठावर मात्र चढउतार आहेत. शिवाय फोर्क्ला खिंडीची पाटी दिसली की मोह होतो. खिंड सुमारे 1150 मीटरवर, तळं 450च्या आसपास. म्हणजे 700 मीटर चढाई, तीही बऱ्यापैकी उभी. वरून पॅराग्लायडर उडताना दिसतात, दृश्य अप्रतिम, पण ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

फ्रान्समध्ये उजवीकडून चालवायचं असतं. थांबून पुन्हा निघताना आपला हात आपोआप डावीकडे वळतो, मीही एकदा असाच समोरच्या आजोबांवर जाणार होतो.

पाव आणि रब्लोशों चीज सकाळीच घेऊन ठेवा. गावातली दुकानं दुपारी बंद असतात, अगदी पुण्यासारखी!