वाचकांचे प्रश्न : मुलगी ‘बघून शिकणारी’ आहे, मग कन्नडचे काय?

प्रश्न : माझी मुलगी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. सुट्टीतील एका शिबिरात प्रश्नावली भरून घेतली आणि ती ‘बघून शिकणारी’ असल्याचे आम्हाला सांगितले. तेव्हापासून ती कन्नडचा धडा मोठ्याने वाचत नाही. ऐकलेले माझ्या डोक्यात शिरतच नाही, म्हणते. तिचे आजोबा म्हणतात, पाठ केल्याशिवाय काही येत नसते. आम्ही कोणाचे ऐकावे? – एक आई

उत्तर : बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि हाताने करून शिकणारे अशी जी चौकडी आज शिबिरांतून सर्रास वापरली जाते, ती न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये एका सहलेखिकेसह मांडली. असे वर्गीकरण करणारे ते एकटे नव्हेत. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका आढाव्यात शिकण्याच्या शैलींची अशी 71 प्रारूपे मोजली गेली. (एका लेकराला बसवायला एकाहत्तर साचे!) अशी प्रश्नावली मुलीला काय आवडते ते सांगते. आवडीप्रमाणे शिकवल्यास तिला अधिक येते का, हा वेगळा प्रश्न आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा या दाव्याची खरी परीक्षा घेणारे प्रयोग फारच थोडे निघाले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष तर दाव्याच्या थेट विरुद्ध होते.

ज्ञान कशाने होते, याचा विचार आपल्याकडे न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, बारकाईने केला आहे. प्रत्यक्ष (इंद्रियांनी जाणणे), अनुमान (खुणेवरून तर्क), उपमान (साम्यावरून ओळख) आणि शब्द (जाणकाराचे सांगणे) ही चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, त्याने मानली. पण अमुक माणूस प्रत्यक्षवाला आणि तमुक शब्दवाला, अशी माणसांची वाटणी केली नाही. उपमानाचे त्यांचे नेहमीचे उदाहरण गवयाचे, म्हणजे आपल्या गव्याचे. ‘गवय गाईसारखा असतो’ हे रानाच्या माहितगाराकडून ऐकलेला माणूस पुढे रानात तसे जनावर पाहतो आणि ‘हाच तो गवय’ असे ओळखतो. तुमच्या तालुक्यातील रानात गवे आहेतच, तेव्हा मुलीला हे उदाहरण लगेच पटेल. त्यात आधी कानाने ऐकले, मग डोळ्याने पाहिले, आणि ज्ञान झाले ते दोन्हींची सांगड घातल्यावर.

कन्नडचेही तसेच आहे. मराठीत ‘ओ’ एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. ‘कोडु’ ऱ्हस्व ओकाराने म्हटले तर ‘दे’, आणि ओकार लांबवला तर ‘शिंग’. आपल्या नेहमीच्या देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, त्यामुळे मुलीने वहीत उच्चार मराठी अक्षरांत उतरवून ठेवले असतील, तर ती कितीही बघत बसली तरी फरक दिसणार नाही. तो आधी कानाला कळला पाहिजे. कन्नड लिपीत मात्र दीर्घ ओकाराला एक जादा खूण असते आणि ती पाहायला डोळेच लागतात. उलट, जिल्ह्याचा नकाशा नुसता ऐकून कोणालाच यायचा नाही. कोणते इंद्रिय वापरायचे हे विषयावरून ठरते, शिबिरातल्या शिक्क्यावरून नव्हे.

आजोबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवत होते. तेव्हा घोकून घेण्याऐवजी रोज संध्याकाळी कन्नड येणाऱ्या कोणीतरी दहा शब्द म्हणावेत, मुलीने ते ऐकून कन्नड लिपीत लिहावेत आणि मगच पुस्तक उघडून ताडून पाहावे.

प्रश्न : गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त म्हणजे हेच का? – एक शिक्षक, निपाणी

उत्तर : नाही. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलेला सिद्धान्त क्षमतांविषयी आहे, शिकण्याच्या शैलींविषयी नाही, आणि या दोहोंची गल्लत करू नये असे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले आहे.