अडखळते जर्मनला, घाबरते इंग्रजीला

2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि माझ्या जर्मनच्या वर्गातली वयं बदलली. पूर्वी समोर कॉलेजची पोरं असायची. आता परिचारिका येतात, इलेक्ट्रिशियन येतात, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर त्यांच्या निम्म्या वयाची मुलगी बसलेली असते. या वेळच्या पत्रांत व्याकरणाची शंका विचारणारं जवळपास कोणी नाही. सगळ्यांना लाजेबद्दल बोलायचंय.

प्रश्न : मी 41 वर्षांची. सांगलीच्या एका रुग्णालयात 18 वर्षं स्टाफ नर्स आहे. वॉर्डात माझ्या एका शब्दावर ज्युनियर धावतात. जर्मनच्या क्लासमध्ये मात्र सर माझ्याकडे वळले की घशाला कोरड पडते. मी मराठी माध्यमातली, इंग्रजीही यथातथाच. बाकीची मुलं फाडफाड बोलतात. उगाच या फंदात पडले का?

सिस्टर, तुमच्या वयावरून एक हिशोब केला. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. म्हणजे तुमच्या वाट्याला ते पाचवीत आलं असणार. एक शब्द चुकला की अख्खा वर्ग खिदळायचा, तो तास आठवतो का? घशाला पडणारी कोरड तिथली आहे. जर्मनने तुमचं अजून काहीच वाईट केलेलं नाही.

आता त्या फाडफाड बोलणाऱ्या मुलांकडे वळू. ती मनात इंग्रजी वाक्य जुळवतात आणि त्यावर जर्मन शब्द चिकटवतात. सोप्या वाक्यांत ते खपतं, पुढे तोंडघशी पडतात. ‘वाइल इश हॉइटं क्रांक बिन’ हे वाक्य घ्या. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, हॉइटं म्हणजे आज, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. कारण मी आज आजारी आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही! इंग्रजीवरून येणारा ‘बिन’ आधीच बोलून टाकतो आणि महिनोन्‌महिने तीच चूक करत राहतो. जर्मनमध्ये प्रत्येक वाक्याचं क्रियापद शेवटी जात नाही, मान्य. पण जिथे जातं तिथे मराठी माणसाला ते सांगावंही लागू नये.

हे शहाणपण मला फार उशिरा आलं. तरुणपणी पहिल्यांदा जर्मनीला गेलो तेव्हा एका कुटुंबाकडे उतरलो होतो. जुलैतली दुपार, जेवणाचं टेबल, आणि मला घामाच्या धारा. इंग्रजीच्या चालीवर म्हणालो, ‘इश बिन हाइस.’ यजमानांच्या आईने काटा खाली ठेवला. मी हवेबद्दल बोलत होतो; त्यांना ऐकू आलं ते माझ्या अंगातल्या वेगळ्याच उकाड्याबद्दल. म्हणायला हवं होतं ‘मिर इस्ट हाइस’. मिर म्हणजे मला. मला गरम होतंय! आपण मराठीत आयुष्यभर हेच म्हणतो. मी मात्र मराठी दाराबाहेर ठेवून आत गेलो होतो.

तुम्ही तसं करू नका. उद्यापासून ड्यूटीवरची तीन वाक्यं उचला. ‘हाबन झी श्मेर्त्सन?’ म्हणजे दुखतंय का. ‘वो टूट एस वे?’ म्हणजे कुठे दुखतंय. तिसरं तुम्ही निवडा. राउंडवर पेशंटला मराठीत विचारायचं आणि मागोमाग मनात जर्मन म्हणायचं. आठवड्याने घरी जाताना पूर्ण हँडओव्हर पुटपुटून बघा. बेड नंबर, ताप, सलाईन, जे येईल ते. क्लासमध्ये ‘माझा छंद’ या विषयावर तुमची दातखीळ बसते याचं मला नवल वाटत नाही. 18 वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला छंदाबद्दल काय बोलायचं असणार!

आणि सरांना एकदा बाजूला घेऊन सांगा, ‘माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत टोकू नका, चुका नंतर सांगा.’ हे मागण्यात कमीपणा नाही.

वयाची धास्ती तर सोडूनच द्या. सुरुवातीच्या टप्प्यात व्याकरण मोठी माणसं मुलांपेक्षा लवकर पकडतात. मुलं पुढे उच्चारात बाजी मारतात. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे भाषेची बी-2 पातळी लागते, म्हणजे ए-1 पासून सी-2 पर्यंतच्या सहा पायऱ्यांतली चौथी. ती लांबची मजल आहे, हे खोटं कशाला सांगू. पण त्याआधीच्या बी-1 पायरीला, ग्योटं या जर्मन भाषासंस्थेच्या परीक्षेत, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चारही भाग सुटे देता येतात, आणि प्रत्येकात 100 पैकी 60 गुण पुरतात. संभाषण राहिलं तर तेवढंच पुन्हा द्यायचं.

प्रश्न : लग्नानंतर श्टुटगार्टला येऊन सहा वर्षं झाली. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. मला जर्मन बरंच कळतं, पण बोलत नाही. परवा शाळेत मी बाईंशी बोलायला लागले, तर आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘आई, तू नको बोलू, मी सांगतो.’ त्या दिवसापासून तोंडच उघडत नाही.

वाचून पोटात कालवलं. पण लेकराचा राग धरू नका, तो तुम्हाला वाचवायला धावला होता.

तुमच्या नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना असेल, तर तुम्हाला येताना जर्मनची ए-1 परीक्षा लागली नसणार. ही सवलत मोठी गोड वाटते. तिच्यामुळे किती जणी पहिलं वर्ष ‘नंतर बघू’ म्हणून घालवतात, हे मी इतक्या वर्षांत पुरेसं पाहिलंय. दुसऱ्या वर्षापासून मग न येण्याचीच लाज वाटायला लागते, आणि लाजेपोटी क्लास आणखी पुढे ढकलला जातो.

मुलाशी तह करा. घरात रोज पंधरा मिनिटं तो मास्तर, हव्या तेवढ्या चुका काढू दे. दाराबाहेर मात्र आई बोलत असताना मास्तरांनी गप्प राहायचं. मुलांना असे नियम आवडतात, आणि या नियमात त्याचाही मान राहतो.

क्लास लावायचा तर गावातल्या फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रात, चौकशी करा. सरकारी एकात्मता अभ्यासक्रम साधारणपणे 600 तास भाषेचा आणि 100 तास तिथला कायदा, इतिहास, रीतिरिवाज यांचा असतो. तिथे सीरियाची आजी, युक्रेनचा इंजिनिअर आणि तुम्ही असे सगळे सारखेच अडखळणारे असाल. मराठी मंडळातल्या मैत्रिणींसमोर सराव करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आपली माणसं प्रेमळ असतात, पण लक्षातही ठेवतात.

समोरचा तुमची अडचण पाहून इंग्रजीवर आला तर ‘बिटं आउफ डॉइच’ म्हणा. जर्मनमध्येच बोला, एवढाच त्याचा अर्थ. आणि बाईंना पुढच्या वेळी एकट्या भेटा. एकच प्रश्न घोकून जा. उत्तर कळलं नाही तर ‘वी बिटं?’ म्हणून पुन्हा विचारा. तिथले लोकही एकमेकांना दिवसातून दहादा तेच विचारतात.

प्रश्न : वय 63, नागपूर, बँकेतून निवृत्त. सून जर्मन आहे. विहीणबाई फोनवर येतात, आणि मी वाक्य जुळवेपर्यंत विषय तिसरीकडे गेलेला असतो. लेखी परीक्षेत मला 80 च्या वर गुण आहेत हो!

गुण दिसतायत साहेब. बँकेतली सवय नडतेय. ताळेबंद जुळल्याशिवाय तुम्ही सही करत नाही. फोनवर मात्र अर्ध्या वाक्यावर सही करायची. ‘मोमेंट बिटं’ म्हणून वेळ मागा, चालतं.

बोलणं आकड्यांपासून सुरू करा, तिथे तुम्ही राजे आहात. इंग्रजी आधी चाळीस म्हणतं, मग तीन. जर्मन म्हणतं ड्रायउंटफिअरत्सिश, तीन आणि चाळीस. आपलं त्रेचाळीस! फोन नंबर, नातवाचं वजन, तिकडचं तापमान, बटाट्याचा भाव हे सगळं विचारा. विहिणीला पाककृती विचारलीत तर वीस मिनिटं तुम्हाला फक्त ऐकायचंच काम उरेल.

एक आगाऊ सूचना. तिकडे ‘झी’ म्हणजे अहो-जाहो आणि ‘डू’ म्हणजे अरे-तुरे. वयाने मोठं माणूस ‘डू’वर येण्याचा प्रस्ताव मांडतं, आणि तो आपलेपणाचा मानतात. विहीणबाई उद्या ‘डू’ म्हणाल्या तर मानापमानाचं नाटक करू नका. लग्नातला रुसवा फोनवर नको.

प्रश्न : माझ्या जर्मनला मराठी वास येतो, असं क्लासमधला एक जण म्हणाला. हा उच्चार घालवायचा कसा? (वय 35, ठाणे)

सगळा कशाला घालवता? जर्मनमधला ‘झेड’ उच्चारताना इंग्रजीवरून आलेली माणसं ‘झ’ म्हणून मोकळी होतात. त्याचा खरा उच्चार आपल्याकडे तयार आहे. चमच्यातला च म्हणा, चिमणीतला नको. त्या च ने ‘त्साइट’ म्हणजे वेळ हा शब्द म्हणून बघा, बरोबर बसतो. अडेल ते दोन टिंबांच्या यू-पाशी. त्याला ओठ ‘ऊ’चे करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायची. आरशासमोर करा, आणि दार लावून घ्या. चेहरा खरोखरच विनोदी दिसतो.